गोसीखुर्दचा गाळ आणि करारातला समुद्र

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र म्हटले की मुंबई आठवते. प्रत्यक्षात नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर पवनीहून मुंबई सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि आंध्रचा किनारा त्याहून दोनशे किलोमीटर जवळ पडतो. आमच्याकडचे पाणीही तिकडेच जाते. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा बालाघाट, भंडारा, पवनी करत खाली उतरते, गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धेला भेटते, तिथून तिचे नाव प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत शिरते. पुढे पोलावरम, धवळेश्वरम आणि मग बंगालचा उपसागर. या वाटेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे. गावातली माणसे नुसते 'गोसे' म्हणतात, सरकारी कागदात गोसीखुर्द असते आणि फलकावर इंदिरा सागर.

गेली काही वर्षे मी हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचे मूळ मसुदे, ठराव आणि अहवाल वाचतो आहे. कायद्याचे किंवा समुद्रविज्ञानाचे शिक्षण माझ्यापाशी नाही. शब्दकोश जवळ ठेवून, एकेक कलम तीन-तीनदा वाचून जे उमगले ते इथे मांडतो. समुद्र आणि किनारा हे विषय या वाटाघाटींत कसे आले, कोणी आणले, याचा तो इतिहास आहे. पण तो गोसीखुर्दला बसून वाचताना एक प्रश्न सुटत नाही. समुद्राला करारात जागा मिळवून देताना नदी कुठे सुटली?

सुरुवात बेटांपासून करावी लागते. एप्रिल १९८७ मध्ये मालदीवची राजधानी माले मोठ्या लाटांनी बुडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले आणि समुद्राची पातळी वाढली तर आपला देशच उरणार नाही, हे त्यांनी सांगितले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, लहान देशांची समुद्रपातळीवरची परिषद मालेलाच भरली. मधल्या काळात १९८८ साली माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटाने हवामानाचा विषय आमसभेपुढे ठेवला. माल्टाला याचा सराव होता. १९६७ साली त्यांच्याच आर्विद पार्दो यांनी समुद्राचा तळ हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे, असे त्याच सभेत मांडले होते आणि त्यातून पुढे १९८२ चा समुद्रकायद्याचा करार उभा राहिला. हवामानालाही 'सामाईक वारसा' म्हणावे असे माल्टाचे म्हणणे होते. मोठ्या देशांना ते झेपले नाही. डिसेंबर १९८८ च्या ठरावात 'सामाईक वारसा' जाऊन 'सामाईक चिंता' आली. वारशात वाटा मागता येतो, चिंतेत काय मागणार? या वाटाघाटींत एक शब्द बदलला की किती फरक पडतो, याचे हे पहिले उदाहरण.

१९९० च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला दुसरी जागतिक हवामान परिषद झाली. तिथे लहान बेटांच्या देशांनी आघाडी केली. तिचे इंग्रजी लघुरूप 'एओसिस'. व्हानुआतूचे रॉबर्ट व्हॅन लिरॉप तिचे पहिले अध्यक्ष. १९९१ मध्ये, कराराचा मसुदा अजून कच्चा असताना, व्हानुआतूने आघाडीच्या वतीने एक प्रस्ताव ठेवला. समुद्र चढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी श्रीमंत देशांनी पैसे घालून विमानिधी काढावा, असा तो प्रस्ताव. तो बाजूला पडला. नुकसानभरपाईच्या निधीचा निर्णय व्हायला २०२२ सालची शर्म अल शेखची परिषद उजाडली. मधे ३१ वर्षे गेली. धरणग्रस्तांच्या भरपाईच्या फायली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा आकडा फार मोठा वाटणार नाही.

हवामान बदलाचा मूळ आराखडा करार ९ मे १९९२ रोजी स्वीकारला गेला, त्याच जूनमध्ये रिओ द जानेरोला सह्यांसाठी खुला झाला आणि २१ मार्च १९९४ पासून लागू झाला. त्यात समुद्र आहे का? आहे, पण कोणत्या नात्याने ते पाहण्यासारखे आहे. चौथ्या कलमाच्या पहिल्या परिच्छेदातले 'ड' उपकलम सांगते की हरितगृह वायू शोषून घेणाऱ्या आणि साठवणाऱ्या गोष्टींचे देशांनी जतन करावे. त्या यादीत जंगले आहेत, समुद्र आहेत, किनाऱ्यावरच्या परिसंस्था आहेत. साठवणाऱ्या गोष्टींसाठी मूळ इंग्रजीत 'रिझर्व्हॉयर' हा शब्द आहे, म्हणजे आमच्या पाटबंधारे खात्याच्या कागदांत धरणाच्या जलाशयाला असतो तोच. तर १९९२ मध्ये समुद्र करारात आला तो कोठार म्हणून. माणसाने सोडलेल्या कर्बवायूचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो आणि वाढलेल्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्याच्यात मुरतो. कोठाराचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न त्या कलमाला पडलेला नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याच्या लगेच पुढचे, 'इ' उपकलम. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी देशांनी किनारपट्टीचे व्यवस्थापन, जलसंपत्ती आणि शेती यांच्या एकत्रित योजना तयार कराव्यात, असे ते म्हणते. त्याच वाक्यात पुढे अवर्षण आणि पूरही येतात. किनारा, नदीचे पाणी, शेत आणि पूर, सगळे एका वाक्यात. ज्यांनी हे वाक्य लिहिले, त्यांच्या डोळ्यांपुढे एखादी खरीखुरी नदी होती की मसुदा जुळवताना शब्द शेजारी येऊन बसले, हे कागदावरून कळत नाही. पण वाक्य तिथे आहे, आणि आजही लागू आहे.

यानंतरची पंचवीस वर्षे समुद्र जवळजवळ गप्पच होता. बेटे मात्र गप्प नव्हती. १९९५ च्या बर्लिन परिषदेत पर्यावरणमंत्री कमलनाथ यांच्या पुढाकाराने भारताने तेल विकणारे देश वगळून इतर विकसनशील देशांना एकत्र केले आणि श्रीमंत देशांवर बंधनकारक कपातीची बोलणी सुरू करण्याच्या बेटांच्या मागणीला बळ दिले. आपल्या देशाच्या हवामान राजकारणातला हा चांगला क्षण फारसा कोणाला आठवत नाही. त्यातून १९९७ चा क्योटो करार निघाला. क्योटोत जमीन आणि जंगल यांचे हिशेब बारकाईने मांडलेले आहेत, समुद्राचे नाहीत. मोठ्या जहाजांच्या इंधनातून होणारे उत्सर्जन तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवून टाकले. ऑक्टोबर २००९ मध्ये, कोपनहेगनच्या आधी, मालदीवच्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेतली तेव्हा ते छायाचित्र आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आले. लोकांना गंमत वाटली.

२०१५ च्या पॅरिस करारात समुद्र हा शब्द प्रस्तावनेत आहे. सर्व परिसंस्था, 'समुद्रांसह', अबाधित राहणे महत्त्वाचे आहे, एवढेच. प्रस्तावनेतल्या वाक्याने कोणाला काही करावे लागत नाही. तेही सहज मिळालेले नाही. पॅरिस परिषदेच्या सुरुवातीलाच बावीस देशांनी 'समुद्र आहे म्हणून' अशा अर्थाच्या नावाचे एक जाहीर पत्र काढले होते. २०१७ मध्ये फिजीकडे परिषदेचे अध्यक्षपद आले आणि समुद्रासाठी वेगळी वाट काढण्याचा प्रयत्न झाला. मग सप्टेंबर २०१९ मध्ये आयपीसीसीने समुद्र आणि हिमावरण यांवरचा खास अहवाल मोनॅकोला प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल होते. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्या डिसेंबरात माद्रिदला जी परिषद झाली तिला 'निळी परिषद' म्हणतात. तिच्या ठरावाने समुद्र आणि हवामान यांवर एक संवाद घेण्याची विनंती कराराच्या विज्ञानविषयक मंडळाच्या अध्यक्षांना केली. २०२१ मध्ये ग्लासगोला तो संवाद दरवर्षी होईल असे ठरले. या ठरावांचे क्रियापद पाहत जावे, ही माझी सवय झाली आहे. 'नोंद घेते', 'निमंत्रण देते', 'उत्तेजन देते', 'विनंती करते' आणि शेवटी 'ठरवते'. 'ठरवते'पाशी पैसा असतो. समुद्राचा प्रवास अजून बहुतेक 'निमंत्रण' आणि 'उत्तेजन' यांमध्येच चालला आहे. तरी १९९२ च्या कोठारापेक्षा तो पुढे आला आहे, हे मान्य करायला हवे. आता समुद्राकडे ज्याचे नुकसान होते आहे असा पक्ष म्हणून पाहिले जाते.

बेटांनी न्यायालयाचीही वाट धरली. अँटिग्वा-बार्बुडा आणि तुवालू यांनी २०२१ मध्ये स्थापलेल्या आयोगाने हॅम्बर्गच्या समुद्रकायदा न्यायाधिकरणाचे मत मागितले. २१ मे २०२४ रोजी न्यायाधिकरणाने एकमताने सांगितले की माणसाने सोडलेले हरितगृह वायू हे समुद्राचे प्रदूषणच आहे आणि ते रोखणे हे देशांचे कर्तव्य आहे. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्हानुआतूच्या पुढाकाराने आलेल्या प्रश्नावर मत दिले आणि देशांच्या जबाबदाऱ्या अधिक ठळक केल्या. १९९१ मध्ये ज्यांचा विमानिधी कोणी ऐकला नाही, तेच व्हानुआतू.

इथवरचा इतिहास चिकाटीचा आहे आणि तो वाचून मला बेटांविषयी आदर वाटतो. पण आता पवनीहून पाहू.

समुद्रकायद्याच्या करारात नदी कुठे आहे हे शोधले तर ती २०७ व्या कलमात सापडते. जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाच्या वाटा सांगताना नद्या, खाड्या, नळ असा क्रम लागतो. म्हणजे समुद्राच्या कायद्याला नदी ठाऊक आहे ती घाण आणणारी म्हणून. आणि नदीने काही आणायचे थांबवले तर? त्याला कलम नाही. आपल्या किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेचेही तसेच. १९९१ ची पहिली अधिसूचना भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटर धरते. २०११ च्या अधिसूचनेत खाडीतून आत किती जायचे ते पाण्याच्या खारटपणावर ठरते: कोरड्या दिवसांत दर हजार भागांत पाच भाग क्षार लागतात तिथपर्यंत किनारा. मीठ संपले की कायद्याचा किनारा संपला. भरतीचे नियमन करायचे तर रेषा कुठेतरी ओढावीच लागते, यात वावगे नाही. पण किनारा कशाने बनतो याचे उत्तर त्या रेषेच्या वरच्या बाजूला आहे.

गोदावरीच्या मुखाशी कोनसीमा, यानम, अंतर्वेदी हा जो त्रिभुज प्रदेश आहे, तो नदीने आणलेल्या गाळाचा आहे. समुद्र रोज थोडा नेतो, नदी दर पावसाळ्यात भर घालते. शिवाय असा गाळाचा प्रदेश आपल्याच वजनाने दबत असतो, त्यामुळे पातळी टिकवायलाही नवा गाळ लागतो. आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये या मुखाचा अभ्यास छापला. १९७१ ते १९७९ या काळात गोदावरीतून वर्षाला सरासरी १५ कोटी टनांच्या आसपास गाळ खाली येत होता, १९९० ते १९९८ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांवर आला. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडच्या कडेवर अठराशे हेक्टरांहून अधिक जमीन गेली आणि तिच्याबरोबर कांदळवनही. २००९ साली 'नेचर जिओसायन्स'मध्ये जगातल्या खचणाऱ्या त्रिभुज प्रदेशांची जी यादी आली, तिच्यात गोदावरी आणि कृष्णा आहेत. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा नावाचे कोळ्यांचे गाव वर्षानुवर्षे समुद्रात जाते आहे. तिथे बंदराचे बांध, वाळूच्या दांड्याची वाढ अशी आणखीही कारणे आहेत, सगळे गाळावर ढकलता येणार नाही.

हे आकडे गोसीखुर्दच्या आधीचे आहेत, हेही सांगितले पाहिजे. तोवर गाळ अडला तो मुख्यतः वरच्या गोदावरीवर, आपल्या जायकवाडीपासून तेलंगणातल्या श्रीरामसागरपर्यंत. प्राणहितेचे खोरे त्या मानाने मोकळे होते. गोदावरीच्या एकूण पाणलोटाचा तिसरा हिस्सा प्राणहितेकडून येतो, पाऊसही इकडेच अधिक. म्हणजे मुखाला उरलेला गाळ पुरवणाऱ्या नद्यांत आमची वैनगंगा होती. तिच्यावर मग गोसीखुर्द आले.

धरणाची कहाणी इकडच्या वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. १९८३ मध्ये ३७२ कोटींना मंजुरी, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, आणि खर्च पुढे कित्येक हजार कोटींवर. भिंत अकरा किलोमीटरहून लांब, दरवाजे ३३, ओलिताचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर. पाणी कालव्याने पोचायला एक पिढी गेली. गावे उठली त्यांचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे आपली घाण याच जलाशयात आणून सोडते आणि पाण्यावर जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात.

मी इथे एकच आकडा घेतो. जलाशयाचा एकूण साठा ११४६ दशलक्ष घनमीटर आहे आणि त्यातला उपयुक्त साठा ७४० दशलक्ष घनमीटर. उरलेले ४०६ दशलक्ष घनमीटर म्हणजे मृतसाठा. कालव्याच्या तोंडाखालचे पाणी, जे वापरता येत नाही. गाळ येऊन बसेल, हे गृहीत धरून धरणाच्या आराखड्यात ही जागा सोडलेली असते. अभियंत्याच्या भाषेत ती मृत. गोदावरीच्या मुखाकडून पाहिले तर ती जमीन आहे, अजून न झालेली. तिचा सगळा गाळ समुद्रापर्यंत गेलाच असता असे नाही. वाटेत कितीतरी ठिकाणी तो थांबतो. शिवाय पावसाळ्यात ३३ दरवाजांतून पाण्याबरोबर बारीक गाळ पुढे जातोही. पण जाड गाळ आणि रेती मागे राहते, आणि किनारा धरून ठेवायला रेतीच लागते. भिंतीच्या खालच्या पात्रात जी रेती उरते तिचे लिलाव होतात, रात्रंदिवस ट्रक नागपूरकडे जातात. धरण आणि रेतीघाट मिळून नदीला दोन्हीकडून उपसतात, असे मला दिसते.

समुद्र मात्र गोसीखुर्दला येतो, आणि न बोलावता येतो. कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते झोत आहेत. हिंदी महासागर झपाट्याने तापतो आहे. १९५० पासूनचा वेग शतकाला सुमारे १.२ अंश पडतो, असा त्याच गटाचा नंतरचा हिशेब आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि खाली गडचिरोलीपर्यंत गावे वेढली गेली, तो एकट्या तापलेल्या समुद्रामुळे आला असे कोणी म्हणू नये. वरच्या संजय सरोवरातून सोडलेले पाणीही त्यात होते. पण अशा पावसाची शक्यता वाढते आहे ती समुद्रामुळे. वरून बाष्प आत येते आणि खालून गाळ बाहेर जायला हवा. या देवघेवीची एक बाजू वाढली आणि दुसरी आटली. पुरात माणसे इकडेही बुडतात, जमीन तिकडेही.

मासेमारी करणाऱ्यांना हे नाते शिकवावे लागत नाही. गोदावरीच्या नावानेच ओळखला जाणारा मोठा गोड्या पाण्यातला झिंगा आहे. त्याची मादी अंडी घेऊन खाली मचूळ पाण्याकडे सरकते, पिल्लांना पहिले काही आठवडे खारेपण लागते आणि मग ती प्रवाहाच्या उलट वर चढतात. पवनीकडचे जुने ढिवर सांगतात की धरणाआधी मोठे झिंगे मिळत, आता ते फारसे दिसत नाहीत. धवळेश्वरमचा कॉटनचा बांध तर १८५० च्या सुमारासचा, त्यामुळे सगळा दोष गोसीला देता येणार नाही. पण नदीत समुद्राचे काही असते, हे ज्यांना डोंग्यात बसून कळले होते, त्यांना करारांच्या कोणत्या बैठकीत जागा आहे? किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या संघटना निदान तिथवर पोचतात. ढिवर किनाऱ्याचा नाही आणि जंगलाचा नाही.

आता पैसा कुठे गेला ते पाहू. जागतिक पर्यावरण निधी आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी भारतात किनाऱ्याच्या जैवविविधतेसाठी दोन जुळे प्रकल्प केले. एक सिंधुदुर्गात, दुसरा गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाच्या कांदळवनात. सिंधुदुर्गात त्यातून खेकडापालन, कालवे-शिंपल्यांची शेती उभी राहिली. वेंगुर्ल्याला महिलांच्या गटाने होडीतून कांदळवन दाखवण्याचा उद्योग सुरू केला, तो खरोखर चांगला चालला. ऑक्टोबर २०१८ मध्ये हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. समुद्राचा विषय वाटाघाटींत वर आल्याचा हा हाती लागणारा लाभ आहे आणि कोकणातल्या माणसांना तो मिळाला याचा मला आनंदच आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीच्या बागा झोपवल्या, त्यानंतर तर अशा कामांची गरज कोणाला समजावून सांगावी लागू नये.

पण या कामांचा पत्ता किनाऱ्यावरचा आहे. कांदळवन लावा, खाजणे सुधारा, कोळ्यांना दुसरा रोजगार द्या. कोरिंगाला तिवराची रोपे लावायची आणि ज्या गाळात ती उभी राहायची तो पाचशे किलोमीटर वर अडवायचा, हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय झाले आहेत. २००८ च्या आपल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ मोहिमा होत्या. पाण्यासाठी एक, शेतीसाठी एक, हिमालयासाठी एक. साडेसात हजार किलोमीटर किनाऱ्याच्या देशात किनाऱ्यासाठी स्वतंत्र मोहीम नव्हती. २००४ मध्ये भारताने कराराच्या सचिवालयाला पहिला राष्ट्रीय अहवाल दिला, त्यात जलसंपत्तीचा भाग वेगळा आणि किनारपट्टीचा वेगळा आहे. कराराच्या 'इ' उपकलमात जे एका वाक्यात होते, ते दोन प्रकरणांत गेले.

याचे कारण परदेशात शोधायची गरज नाही. गोदावरीच्या पाण्याचा तंटा बचावत लवादाने १९८० मध्ये निकाली काढला. कोणत्या राज्याने कोणत्या उपखोऱ्यातले किती पाणी घ्यावे, याचा बारीक हिशेब त्यात आहे. पाण्याचे वाटे झाले, गाळाचे झाले नाहीत. गाळ टीएमसीत मोजत नाहीत, त्याला कोणी हक्कदार नाही, आणि तो न मिळाल्याची तक्रार घेऊन उप्पाड्याचा कोळी महाराष्ट्राविरुद्ध कुठे जाणार? वाटाघाटीत देश बोलतात, आणि देशाच्या आतली नदी ही देशाची घरची बाब ठरते. बेटांनी समुद्राचा प्रश्न नेला तो शेजाऱ्याचा धूर आपल्या अंगणात येतो म्हणून. इथे धूर नाही, अंगणही एकाच घरातले.

धरण पाडा असे मी म्हणत नाही. कालव्याचे पाणी धानाला मिळावे म्हणून ज्यांनी घरे सोडली, त्यांच्यापुढे असे बोलणे निर्लज्जपणाचे होईल. पण गाळ पुढे सोडण्याचे तंत्र नवे नाही. चीनने पीत नदीवर १९६० मध्ये सानमेनशिया धरण बांधले, ते काही वर्षांतच गाळाने भरत आले. मग त्यांनी तळाशी नवे मार्ग काढले आणि पुराचे गढूळ पाणी जाऊ द्यायचे, नंतरचे स्वच्छ पाणी साठवायचे, असा क्रम लावला. गोसीखुर्दची रचना वेगळी आहे, ते जसेच्या तसे इथे चालेल असे नाही. पण दरवाजे उघडण्याचे वेळापत्रक जलाशयाच्या पातळीवर आणि खालच्या गावांच्या सुरक्षेवर ठरते, ठरायलाही हवे. त्यात तिसरा विचार गाळाचा असावा, एवढी मागणी अवाजवी नाही. रेतीघाटांच्या लिलावात तर ती आजच घालता येईल.

२०१९ चा आयपीसीसी अहवाल वाचताना दिसते की त्रिभुज प्रदेशांपुढचा धोका केवळ चढत्या समुद्राचा नसून खचणाऱ्या जमिनीचा आणि अडलेल्या गाळाचाही आहे, हे शास्त्रज्ञांना स्पष्ट ठाऊक होते. ज्या अहवालाने माद्रिदला समुद्राचा संवाद मिळवून दिला, त्याच अहवालातला हा भाग संवादात मागे पडला. बेटांना मोठ्या नद्या नसतात. त्यांच्या मागणीत नदी नव्हती यात त्यांचा दोष नाही. नद्यांच्या देशांनी ती आणायची होती. भारत, बांगलादेश, व्हिएतनाम, इजिप्त, सगळ्यांच्या मुखांशी हाच प्रश्न आहे आणि सगळ्यांची धरणे वर आहेत, आपापली किंवा शेजाऱ्याची. त्यामुळे बोलायला कोणीच फारसे उत्सुक नसते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये बेलेमला परिषद भरली, ॲमेझॉनच्या मुखाजवळ. जगातल्या सर्वांत मोठ्या नदीच्या तोंडाशी बसून समुद्रावर पुन्हा चर्चा झाली. भारताच्या शिष्टमंडळाला अशा परिषदेत नेण्यासाठी काही नवे शोधावे लागणार नाही. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे वैनगंगेवर पवनी आणि आष्टीला आहेत, प्राणहितेवर टेकऱ्याला, गोदावरीवर पोलावरमला. त्यांतल्या काही ठिकाणी पाण्याबरोबर गाळही मोजला जातो. या नोंदी एका तक्त्यात, धरणाच्या वर किती आणि समुद्राशी किती अशा मांडल्या आणि तो तक्ता राष्ट्रीय अहवालाच्या किनारपट्टीच्या प्रकरणात घातला, तर 'इ' उपकलमातले ते वाक्य पहिल्यांदा एका पानावर येईल. जल आयोग एका मंत्रालयाखाली आहे आणि अहवाल दुसरे मंत्रालय लिहिते.